सर्वांना पोसणाऱ्या हृदयाला कोण पोसते?

काही वर्षांपूर्वी धुळ्याजवळच्या एका खेड्यातील शाळेत मी पाहुणा म्हणून गेलो होतो. विज्ञानाचा तास चालू होता. गुरुजींनी फळ्यावर हृदयाची मोठी सुबक आकृती काढली होती. चार कप्पे, एका बाजूला निळा खडू, दुसऱ्या बाजूला तांबडा खडू आणि रक्त कोठून कोठे जाते ते दाखवणारे बाण. गुरुजींनी विचारले, "हाताला रक्त कोण देते?" मुले एका सुरात म्हणाली, "हृदय." "मेंदूला?" "हृदय." तेवढ्यात मागच्या रांगेतला एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "गुरुजी, मग हृदयाला रक्त कोण देतं?" सारा वर्ग हसला. कोणी तरी म्हणाले, "अरे, हृदयात तर रक्तच भरलेलं आहे!" गुरुजीही हसले, आणि घंटा झाली.

त्या हसण्यात मीही सामील होतो. पण त्या मुलाचा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. आज मी त्याच प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न करणार आहे. मी कॉलेजात मराठी शिकवतो. वैद्यकी हा माझा धंदा नव्हे. परंतु या एका प्रश्नाने मला पुढे फार मोठा धडा दिला, म्हणून जाणकारांचे ग्रंथ वाचून जे समजले, ते आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम हृदयाचे काम काय ते पाहू. आपल्या मुठीएवढा हा मांसल अवयव. वजन म्हणाल तर साधारण तीनशे ग्रॅम. वरचे दोन कप्पे रक्त घेणारे आणि खालचे दोन रक्त ढकलणारे. जुन्या पुस्तकांत यांना कर्णिका आणि जवनिका म्हणत. आताच्या पुस्तकांत अलिंद आणि निलय असे शब्द आहेत. शब्द कोणतेही घ्या, काम तेच. सगळ्या शरीरात फिरून, प्राणवायू वाटून आलेले काळपट रक्त उजव्या बाजूला येते. उजवी जवनिका ते फुफ्फुसांकडे पाठवते. तेथे ते श्वासातला प्राणवायू घेते, लालभडक होते आणि डाव्या बाजूला परत येते. डावी जवनिका जोराने आवळते आणि ते ताजे रक्त महारोहिणीत, म्हणजे शरीरातल्या सर्वांत मोठ्या नळीत, लोटते. तेथून फांद्या, उपफांद्या होत होत ते पायाच्या अंगठ्यापर्यंत पोचते.

हे काम केवढे, त्याचा हिशेब करू. गुरुजनांनी हा हिशेब मुलांकडून फळ्यावर करून घ्यावा. एका ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त बाहेर पडते, म्हणजे चहाचा एक लहान कप. मिनिटाला ७२ ठोके धरले तर पाच लिटर झाले. दिवसाचे ठोके एक लाखाच्या वर, आणि दिवसाचे रक्त सात हजार लिटर. शरीरात रक्त आहे ते सारे मिळून पाच लिटरच्या आसपास. तेच रक्त पुन्हा पुन्हा फिरते. इंग्लंडमधील वैद्य विल्यम हार्वे याने असाच हिशेब मांडून, रक्त शरीरात चक्राकार फिरते हे १६२८ साली ग्रंथ लिहून सिद्ध केले. अर्ध्या तासात हृदयातून जेवढे रक्त जाते, तेवढे सबंध शरीरातही नसते. मग तेच परत येत असले पाहिजे, असे त्याने दाखवले. शोधाचे मूळ पाहावे तर साधा गुणाकार!

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळू. हृदय हा स्नायू आहे. बैलाच्या खांद्याप्रमाणे किंवा आपल्या दंडाप्रमाणे त्यालाही काम करायला प्राणवायू हवा. त्याच्या पोटातून तर दिवसाला सात हजार लिटर रक्त जाते. मग ते तेथूनच आपली तहान भागवत असेल, असे आपल्याला वाटते. मोठमोठ्या विद्वानांनाही पूर्वी तसेच वाटत होते. पण तेराव्या शतकात, हार्वेच्याही साडेतीनशे वर्षे आधी, इब्न अल नफीस या अरब वैद्याने लिहून ठेवले की हे खरे नाही. हृदयाचे पोषण त्याच्या कप्प्यांतील रक्ताने होत नसून, त्याच्या मांसात शिरणाऱ्या वाहिन्यांतील रक्ताने होते.

आणि ते बरोबर होते. डाव्या जवनिकेची भिंत सुमारे एक सेंटिमीटर जाड असते. आतल्या रक्तातला प्राणवायू या भिंतीच्या अगदी आतल्या पापुद्र्यापुरताच झिरपतो. पुढचे सारे मांस कोरडे ते कोरडेच. विहीर दारात आहे, पाणी काठोकाठ आहे, पण मोट लावल्याशिवाय मळ्याला त्याचा काय उपयोग?

हृदयाची ही मोट म्हणजे दोन छोट्या रोहिण्या. त्यांना हृद्‌रोहिणी म्हणतात. डॉक्टर करोनरी म्हणतात. करोनरी म्हणजे मुकुटासारख्या, कारण त्या हृदयाच्या माथ्याला वेढून खाली उतरतात. त्या कोठून निघतात ते पाहण्यासारखे आहे. आपल्या साक्री तालुक्यातील श्रोत्यांना हे चटकन समजेल. पांझरेवर शेकडो वर्षांपूर्वीचे बंधारे आहेत आणि त्यांच्यावर फडाची बागायती चालत आली आहे. बंधाऱ्याने पाणी अडवायचे, पाटाने न्यायचे, पाटाच्या चाऱ्या करायच्या आणि पाटकऱ्याने फडाफडाला पाणी द्यायचे. आता महारोहिणी हा पाट समजा. हा पाट हृदयातून निघतो न निघतो, तोच त्याच्या अगदी तोंडाशी पहिल्या दोन चाऱ्या फुटतात. त्या दुसऱ्या कोणाकडे जात नाहीत. त्या मागे वळतात आणि हृदयाच्याच अंगावर पसरतात. फुफ्फुसांतून आलेल्या ताज्या रक्ताचा पहिला वाटा हृदय स्वतः घेते. त्यात स्वार्थ नाही. पाटकरीच उपाशी राहिला तर फडाला पाणी कोण देणार?

या वाट्याची वेळही मोठी विलक्षण आहे. आपला उजवा हात पुढे करा आणि मूठ घट्ट आवळा. क्षणभराने उघडा आणि तळव्याकडे पाहा. आवळलेला तळवा फिकट पडलेला दिसेल; मूठ सैल होताच तो पुन्हा गुलाबी होतो. आवळलेल्या स्नायूत रक्त शिरत नाही. डाव्या जवनिकेचे असेच आहे. ती आवळते तेव्हा साऱ्या शरीराला रक्त देते, पण तिच्या स्वतःच्या भिंतीतल्या वाहिन्या त्या वेळी दाबल्या जातात. ती सैल पडते तेव्हा तिला स्वतःला रक्त मिळते. एका ठोक्याला सेकंदाचे आठ दशांश लागतात असे धरले, तर त्यातले सुमारे तीन दशांश आवळण्याचे आणि पाच दशांश विसाव्याचे. या विसाव्यातच हृदय जेवते. इतरांच्या पंगती उठल्यावर घरची माउली पान मांडून बसते, तसे हे आहे.

आणखी एक गोष्ट सांगतो. पुढचे सारे तिच्यावरच अवलंबून आहे. आपण स्वस्थ बसलेले असताना हृदयाला मिनिटाला सुमारे पाव लिटर रक्त मिळते. शरीराचे इतर अवयव आपल्या वाट्याच्या रक्तातला सरासरी पाव हिस्सा प्राणवायू वापरतात आणि बाकीचा परत पाठवतात. म्हणजे त्यांच्याजवळ शिल्लक राहते. काम वाढले की त्या शिलकेतून आणखी घेता येते. हृदयाचे तसे नाही. ते विश्रांतीच्या वेळीच आपल्या रक्तातला सत्तर-पंचाहत्तर टक्के प्राणवायू काढून घेते. त्याच्याजवळ शिल्लक जवळपास नाहीच. काम वाढले तर त्याला एकच मार्ग उरतो: जास्त रक्त मिळाले पाहिजे. निरोगी माणसात या चाऱ्या रुंदावतात आणि तीन-चारपट रक्त येऊ शकते. पण चारीतच गाळ साचला असेल तर?

श्रोतेहो, येथे मला माझ्या मामांची गोष्ट सांगितली पाहिजे.

माझे मामा पांझरेकाठचे. सारा जन्म पाटावर गेला. पायाने काटक, अंगाने सडसडीत, दिवसभर खिशात विडीचे बंडल. साधारण पंधरा वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांच्याकडे गेलो होतो. सकाळी आम्ही दोघे मळ्याकडे निघालो. वाटेत एक छोटा चढ आहे. मामा चढाच्या मध्यावर थांबले आणि छातीवर तळहात ठेवून म्हणाले, "भाचा, मन्ही छातीवर धोंडा ठेवेल शे." दोन मिनिटे उभे राहिले, मग बरे वाटले, पुढे चाललो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, त्याच चढावर. मी म्हटले, "मामा, पित्त झालं असेल. फराळ जास्त झाला. जरा सोडा घ्या." मामांनी सोडा घेतला. एम. ए. झालेल्या भाच्याचा शब्द होता तो. त्यांनी तो मानला.

तिसऱ्या रात्री त्यांना दरदरून घाम सुटला. छातीतली कळ डाव्या हातात आणि जबड्यात गेली. मामींनी ओवा दिला, कोणी छाती शेकली, कोणी पाठ चोळली. पहाट होईपर्यंत वाट पाहायची असे ठरले. ठरवणाऱ्यांत मीही होतो. पहाटे जीप मिळाली, पण धुळे येण्यापूर्वीच मामा गेले.

पुढे एका डॉक्टर मित्राने मला जे समजावले ते असे. हृद्‌रोहिणीच्या भिंतीत वर्षानुवर्षे चरबीचा गाळ बसत जातो. विडी-तंबाखू, वाढलेला रक्तदाब, मधुमेह, रक्तातील वाढलेले कोलेस्टेरॉल आणि घराण्यातील वारसा यांमुळे तो लवकर बसतो. माणूस बसलेला असतो तेव्हा अरुंद चारीतूनही पुरेसे रक्त जाते. पण चढ लागला की नाडी जलद होते. हृदयाला रक्त जास्त हवे असते, आणि नेमकी त्याच वेळी त्याची विसाव्याची, म्हणजे जेवणाची, वेळ कमी झालेली असते. मागणी वाढली आणि पुरवठा अडला; म्हणून छातीवर धोंडा. थांबले की मागणी कमी होते आणि धोंडा उतरतो. जे दुखणे चालताना येते आणि थांबल्यावर जाते, ते हृदयाचे असण्याचा संभव फार. मामांचे हृदय त्या चढावर दोन दिवस हेच सांगत होते. मी त्याला सोडा पाजला.

तिसऱ्या रात्री जे झाले ते याच्या पुढचे. गाळावर एक पातळ पापुद्रा असतो. तो कधी अचानक फाटतो आणि जखमेवर रक्त गोठावे तसे तेथे रक्त गोठते. चारी एकदम बंद. म्हणूनच काल नांगर धरणारा माणूस आज कोसळतो आणि लोक म्हणतात, "काल तर धडधाकट होता!" चारी बंद झाली की तिच्या पुढचे मांस साधारण अर्ध्या तासात मरू लागते. पण सगळे एकदम मरत नाही. काही तास लागतात. त्या तासांत गुठळी विरघळवली किंवा वाट मोकळी केली, तर उरलेले मांस वाचते. आम्ही हेच तास पहाट होण्याची वाट पाहण्यात घालवले.

ही बंद चारी मोकळी कशी करावी, यासाठी माणसाने फार धडपड केली आहे. त्यातली एक धडपड आपल्या मुंबईतली आहे. परळच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन नावाचे मोठे शल्यवैद्य होते. भारतातील पहिले हृदयारोपण त्यांनीच १९६८ च्या फेब्रुवारीत केले. तो रुग्ण काही तासच जगला. त्यांच्या एका आधीच्या प्रयोगाचा आपल्या विषयाशी अगदी जवळचा संबंध आहे. बेडूक, साप यांसारख्या प्राण्यांच्या हृदयाची भिंत आतून स्पंजासारखी असते आणि कप्प्यातले रक्तच तिच्या सांदीकोपऱ्यांत शिरून तिला पोसते. म्हणजे त्या शाळेतल्या मुलांचे उत्तर बेडकापुरते बरोबर होते! सेन यांच्या मनात आले, की माणसाच्या हृदयाच्या भिंतीला सुईने बारीक छिद्रे पाडली, तर कप्प्यातले रक्त त्यांतून थेट मांसात शिरेल काय? त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे प्रयोग करून १९६५ साली प्रसिद्ध केले. पुढे दिसून आले की अशी छिद्रे काळाने बुजतात, आणि ती वाट मागे पडली. परंतु प्रश्न त्यांनी तोच विचारला होता, जो आपल्या मागच्या रांगेतल्या मुलाने विचारला.

टिकली ती दुसरी वाट. अर्जेंटिना देशातले डॉ. रेने फावालोरो यांनी तरुणपणी बारा वर्षे एका खेड्यात वैद्यकी केली होती. अमेरिकेत शल्यक्रिया शिकायला गेल्यावर १९६७ साली त्यांनी पायातली एक नीला काढून, बुजलेल्या जागेला वळसा घालून ती हृद्‌रोहिणीला जोडली. चारी बुजली तर बाजूने नवी चारी काढायची, ही आपल्या शेतकऱ्याचीच युक्ती. तिला बायपास म्हणतात. पुढे १९७७ साली झुरिकमध्ये डॉ. आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी बारीक नळीतून एक फुगा आत नेऊन, छाती न उघडताच अरुंद झालेली रोहिणी रुंद केली. आज त्या जागी जाळीची नळी बसवतात. हे सारे होण्याच्या आधी, गुठळी विरघळवणारे इंजेक्शनही देता येते. विद्या आहे, औषध आहे. आपण वेळेवर पोचलो तर.

तेव्हा श्रोतेहो, एवढे लक्षात ठेवा. छातीच्या मध्यभागी दाब, ओझे किंवा आवळल्यासारखे वाटले. ते हातात, जबड्यात, पाठीत गेले. घाम सुटला, दम लागला, मळमळले, तर पित्त की हृदय याचा निवाडा घरात बसून करू नका. स्त्रियांना आणि मधुमेह असलेल्यांना कधी छातीत फारसे दुखतही नाही. नुसता दम लागतो, गळून गेल्यासारखे होते. रोग्याला चालवू नका, मोटारसायकलवर मध्ये बसवून नेऊ नका. त्याला टेकून बसवा आणि १०८ क्रमांकाला फोन करा. महाराष्ट्रात ही गाडी २०१४ पासून आहे आणि तिला पैसे पडत नाहीत. फोनवरील डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे ॲस्पिरिनची गोळी चावून खायला द्या. पण शेजाऱ्याची जिभेखालची गोळी आपल्या मनाने देऊ नका. गाडीला उशीर लागणार असेल तर मिळेल त्या चारचाकीने जवळच्या सरकारी दवाखान्यात जा आणि छातीची पट्टी, म्हणजे ई. सी. जी., काढून मागा. पहिली पट्टी चांगली आली आणि दुखणे तसेच असले, तर पुन्हा काढायला सांगा. माणूस बेशुद्ध पडला आणि श्वास नीट चालत नसेल, तर छातीच्या मधोमध दोन्ही तळहातांनी जोराने आणि भरभर, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा दाबत राहा, मदत येईपर्यंत. बाहेरून दाबलेल्या त्या हृदयातूनही थोडे रक्त मेंदूला जाते, आणि तेवढ्यावर जीव तगून राहू शकतो.

गुरुजनांना माझी एक वेगळी विनंती आहे. फळ्यावर हृदय काढाल तेव्हा निळे-तांबडे बाण झाल्यावर, तांबडा खडू पुन्हा हातात घ्या. महारोहिणीच्या तोंडाशी दोन बारीक रेघा सुरू करा आणि त्या हृदयाच्याच अंगावर उतरवा. मुलांना मूठ आवळायला लावा, तळवा पाहायला लावा. वर्गात धावून येऊन नाडी मोजायला लावा. आणि मग विचारा, "सर्वांना देणाऱ्या या हृदयाला कोण देते?" त्या मुलांतला एखादा घरी जाऊन आजोबांना विचारील, "बाबा, चढावर थांबलात का? छातीत काही होतं का?" तेवढ्या एका प्रश्नाने एखाद्या घरातली पहाट वेगळी उजाडेल.

मामांच्या वाटेवरचा तो चढ अजून तेथेच आहे. मी तिकडे गेलो की त्या जागी थोडा वेळ उभा राहतो. आपली नाडी मोजतो. हृदय आवळते, देते. सैल होते, घेते. त्याने मागितलेला वाटा मिळतो आहे ना, एवढे पाहणे आपल्या हाती आहे.